कचऱ्याचा डबा नसलेलं घर

काकूंच्या घरात शिरताना चपला काढायच्या आधी पिशवी उघडून दाखवावी लागे.

मी घाटकोपर पूर्वेला त्यांच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी हे घडलं. पाठीवर सॅक, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात खालच्या दुकानातून घेतलेलं किरकोळ सामान, आणि दारात काकू. ठेंगण्या, केस घट्ट बांधलेले, चष्मा नाकावर घसरलेला. "आत काय काय येतंय?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, सामान घ्यायला मदत करतायत. मी पिशवी पुढे केली. त्यांनी एकेक वस्तू वर काढून निरखली. साबण चालला. बिस्किटांचा पुडा जरा विचार करून चालवून घेतला. वेफर्सचं पाकीट मात्र दोन बोटांच्या चिमटीत धरून परत माझ्या हातात ठेवलं.

"हे खा. पण जिन्यात बसून खा. आणि रिकामं पाकीट घेऊन कुठे जायचं ते तुझं तू बघ."

मी जिन्यात बसून वेफर्स खाल्ले. आता वाटतं, भाडं देऊन राहायला आलेल्या माणसाने असं का ऐकावं? मी काही गरीब गाय नाही. परभणीला असताना आईशी माझं रोज वाजायचं. पण काकूंच्या बोलण्यात राग नव्हता आणि उपदेशही नव्हता, त्यामुळे भांडायला कुठे पकडच मिळत नव्हती. रिकामं पाकीट मी पर्समध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या डब्यात टाकलं. पुढे माझी ती सवयच झाली. लोक घरून जेवणाचा डबा नेतात, मी कचराही न्यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी केळं खाल्लं आणि साल हातात घेऊन घरभर फिरले. ओट्याखाली बघितलं, बाथरूमशेजारी बघितलं, दाराबाहेर बघितलं. कचऱ्याचा डबाच नव्हता. शेवटी विचारलं, "काकू, साल कुठे टाकू?"

"टाकू म्हणजे?" काकूंनी खरंच न कळल्यासारखं विचारलं. मग साल माझ्याकडून घेतलं, विळीवर बारीक चिरलं आणि बाल्कनीतल्या एका माठात घालून वर मूठभर माती पसरली. बाल्कनीत असे भोकं पाडलेले माठ ओळीने मांडलेले होते. एकात घालणं चालू, बाकीच्यांत मुरणं चालू. तयार मातीत मिरच्या, कढीपत्ता आणि कुणी न लावता उगवलेला एक टोमॅटो. वास मारत असेल म्हणून मी श्वास धरून उभी होते. तो सोडला तेव्हा कळलं की वास फक्त ओल्या मातीचा आहे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आमच्या रिपोर्टवर प्रत्येक आकड्याशेजारी नॉर्मल किती ते छापलेलं असतं. माणूस त्यात बसतो, नाहीतर बसत नाही. काकू कुठे बसतात हे मी त्यांच्याकडे राहिले तोवर मला ठरवता आलं नाही. आणि गंमत अशी की मला तिथे ठेवलं होतं ते हेच ठरवायला. काकूंचे यजमान जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. एकुलता एक मुलगा बंगळूरला. मी त्याला दादा म्हणायचे. आई एकटी राहते याची त्याला काळजी, आणि आई घर सोडायला तयार नाही. म्हणून त्याने एक खोली भाड्याने द्यायची तोड काढली आणि माझ्याशी फोनवर बोलून घेतलं.

"तू फक्त मधूनमधून सांगत जा, आई बरी आहे ना. ती स्वतः काही बोलायची नाही. बरी असेल तर राहू दे तिला तिथे. नसेल तर मी तिला घेऊन येणार, मग तिला कितीही आरडाओरडा करू दे."

मी म्हटलं, हो दादा, सांगत जाईन ना, त्यात काय. ऐकायला सोपं वाटलं होतं.

आधी माझं मत झालं की बाई कंजूष आहे. मला अशा बायका माहीत होत्या. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणाऱ्या, सुतळीचे तुकडे गाठी मारून ठेवणाऱ्या. काकू दुधाची पिशवी आणतच नसत, तबेल्यावाल्याकडून किटलीत दूध घेत. पण मे महिन्यात त्यांनी पेटीभर हापूस घेतला, तोही भाव न करता, आणि अर्धा सोसायटीत वाटला. पेटी आंबेवाल्याला परत. आतलं गवतही परत. "तुला पुढच्या खेपेला लागेल," म्हणाल्या. त्याला कुणी असं गवत परत दिलेलं नसावं, कारण तो बराच वेळ ते हातात धरून उभा होता. एकदा साबणाच्या पावडरीबरोबर दुकानदाराने बादली फुकट दिली, तर काकू ती घेईनात. तो म्हणे फ्री आहे, काकू म्हणे म्हणूनच नको. कंजूष माणूस फुकटची बादली सोडतो का? माझं पहिलं मत तिथेच बाद झालं.

मग मला वाटलं, पर्यावरणवाली असणार. असं वाटणारी मी एकटीच नव्हते. सोसायटीच्या सत्यनारायणाच्या पूजेला कमिटीने काकूंचा सत्कार ठेवला. सेक्रेटरींनी माईकवरून पृथ्वी, पुढच्या पिढ्या, ओला कचरा, सुका कचरा असं बरंच सांगितलं आणि काकूंना शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. काकूंनी नारळ वाजवून बघितला आणि पिशवीत टाकला. शाल घडी घालून सेक्रेटरींच्या हातात परत. गुच्छ परत. स्मृतिचिन्ह उलटसुलट करून बघितलं आणि माईक चालू असतानाच विचारलं, "ह्याचं करतात काय?"

सेक्रेटरी म्हणाले, "आठवण म्हणून असतं, काकू."

"मला आठवेल की," काकू म्हणाल्या. "नारळाची वडी करून पाठवते."

त्या स्टेजवरून खाली आल्यावर मी दबक्या आवाजात म्हटलं, अहो, पृथ्वीसाठी एवढं करता म्हणून सत्कार केला त्यांनी. काकू म्हणाल्या, "पृथ्वीचं मला काय कळतंय! मी एसी लावून झोपते." आणि खरंच लावायच्या, उन्हाळ्यात पार गारठून जाईपर्यंत. म्हणजे माझं दुसरं मतही गेलं. वडी मात्र उत्तम झाली होती. शेंडीचा त्यांनी भांडी घासायचा चोथा केला आणि करवंटीत माझ्या खोलीसाठी एक मनीप्लँट लावला.

जेवणाबद्दल तर तक्रार करायची सोयच नव्हती. काकूंच्या स्वयंपाकघरात पदार्थ संपत नसे, नुसता पुढे सरकत असे. रात्रीची पोळी सकाळी फोडणीला, त्यातलीच उरलेली दुपारी गुळातुपात लाडू. भाताचे मुटके. आमटी थालीपिठात. दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी, कोथिंबिरीच्या काड्या ताकात. मी परभणीच्या घरात शिळं खायला लागलं की तोंड वाकडं करायचे आणि इथे ताट चाटूनपुसून संपवत होते. ताट धुतल्याचं पहिलं पाणीसुद्धा माठाला जायचं. एकदा मी माझ्या हाताने केलेला पास्ता उरवला. काकूंनी दुसऱ्या दिवशी त्याचा उपमा केला. लिंबू पिळून.

दादाचा फोन आला की मी सांगायचे, जेवतात व्यवस्थित, झोपतात व्यवस्थित, चालायला जातात. "आणि ते?" तो विचारायचा. ते म्हणजे हे सगळं. मी म्हणायचे, आहे चालू. तो म्हणायचा, "आई अशी नव्हती गं. आमच्या घरात माळा भरलेला असायचा. बाबा गेल्यापासून हे सुरू झालं." समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना मी विचारलं, तर त्या हसायलाच लागल्या. "छे गं, पहिल्यापासूनच तशी ती! माझ्या लग्नात हिने आहेर दिला तो कागद न गुंडाळता." दोघंही काकूंना वर्षानुवर्षं ओळखणारे आणि दोघंही खात्रीने बोलणारे. मी कुणाचं खरं धरू?

एका रविवारी काकू म्हणाल्या, "चल, तुला माझ्या सासूबाईंकडे नेऊन आणते."

सासूबाई हयात आहेत हे मला माहीतच नव्हतं. मी चांगला ड्रेस घातला. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून कोपऱ्यावर थांबून मोसंबी घेतली, कापडी पिशवीत. रिक्षा मानखुर्दकडे जाणाऱ्या रस्त्याला लागली, बरीच पुढे गेली आणि काकूंनी ती देवनारच्या बाजूला, जिथून कचऱ्याचा तो डोंगर दिसतो, तिथे कडेला थांबवली. उतरल्या. मीही मोसंब्यांची पिशवी घेऊन उतरले. वर घारी फिरत होत्या, गाड्या रांगेने आत चालल्या होत्या, आणि वास असा की रिक्षावाल्याने तोंडावर रुमाल बांधला.

"ह्यात कुठेतरी त्यांचा पलंग आहे," काकू म्हणाल्या.

मी हातातल्या मोसंब्यांकडे बघितलं.

सासूबाई गिरगावात एका खोलीत राहायच्या. त्या गेल्या आणि खोली लगोलग मालकाला परत द्यायची होती. काकूंना वाटलं एक खोली, त्यात काय असणार. तर पत्र्याचे डबे निघाले, डब्यांत डबे निघाले, सुनांना द्यायच्या म्हणून ठेवलेल्या आणि कुणालाच न दिलेल्या साखरेच्या बरण्या, मोडक्या छत्र्या, कधीच न वापरलेली चादर, कसर लागलेल्या गाद्या. नातेवाइकांना विचारलं तर सगळे म्हणाले, आमच्याकडे जागा कुठे आहे. त्यांच्यासाठी लावलेला दिवा विझायच्या आत काकू पदर खोचून तो पसारा उपसत होत्या. शेवटी टेम्पो बोलावला. टेम्पोवाल्याला विचारलं, कुठे नेतोस, तर तो म्हणाला, देवनारला.

"माझा फार जीव होता गं सासूबाईंवर," काकू म्हणाल्या. "पण रडायला वेळच मिळाला नाही. नुसती आवरत होते. आवरून संपलं तेव्हा रडू येईना. ते राहूनच गेलं."

मला वाटलं, आता रडतील. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला पुढे सरकले. काकूंनी पिशवीतलं एक मोसंबं काढलं, सोललं, अर्धं मला दिलं, साल रुमालात बांधून कमरेला खोचलं. परतीच्या रिक्षात त्या फक्त बोलल्या ते संध्याकाळी फ्लॉवर करायचा की कोबी यावर. मी म्हटलं कोबी.

आणि मग ती पार्सलं. दादा लांब राहणारा मुलगा, आईसाठी करणार काय? तो वस्तू पाठवायचा. पाय दाबायचं यंत्र, सुक्या मेव्याचा दिवाळीचा डबा, मुंबईच्या थंडीसाठी स्वेटर. प्रत्येक गोष्ट खोक्यात, खोकं दुसऱ्या खोक्यात, मध्ये ते फुग्यांचं प्लास्टिक. काकू दार अर्धवट उघडून पार्सलवाल्याला म्हणायच्या, "परत ने."

"पण काकी, पैसे भरलेले आहेत."

"मग तू ठेव."

"मला ठेवता येत नाही, काकी. मला फक्त ओटीपी द्या."

"ओटीपी घे हवा तर. खोकं नको."

तो बिचारा माझ्याकडे बघायचा. मी खांदे उडवायचे. दादाला वाईट वाटायचं, तो आईला फोन करून ओरडायचा, काकू शांतपणे म्हणायच्या, "तू ये ना. तुला कुठे खोक्यात घालावं लागतं?" हे प्रेमाने होतं की टोमणा होता, मला मेळ लागत नसे. दादालाही लागत नसणार, कारण तो पुन्हा नवीन काहीतरी पाठवायचा.

काकांचं वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा असंच एक मोठं चपटं पार्सल आलं. काकूंनी नेहमीप्रमाणे परत पाठवलं. आठवड्याभराने दादाचा फोन आला.

"आईने बाबांना परत पाठवलं."

मला आधी काही समजेचना. मग कळलं. त्याने काकांचा फोटो मोठा करून, चांगली फ्रेम करून आईला पाठवला होता. तोच फिरून त्याच्या दारात आला होता, 'घेण्यास नकार' असा शिक्का मारून. मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना सांगितलं. काकू मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"अगं, मला काय माहीत खोक्यात कोण आहे!"

एवढंच. मग त्या मेथीची जुडी मांडीवर घेऊन पुन्हा निवडायला लागल्या. देठ वेगळे, पानं वेगळी होत होती, पण एकेक, फार हळू. मला वाटलं आतून हलल्या आहेत. जेवायला बसलो तेव्हा त्यांनी नेहमीसारखं विचारलं, भात घालू का. दादाने मला परत फोन केला. म्हणाला, "आता खरं सांग. आई बरी आहे का?"

मी म्हटलं, "दादा, मला नाही कळत."

दोन दिवसांत तो मुंबईत हजर झाला. आल्या आल्या आईला घट्ट मिठी मारली आणि म्हणाला, उद्या डॉक्टरकडे जायचंय. काकू म्हणाल्या, जाऊ की. मी सुट्टी टाकली, कारण दादाने मला बरोबर बोलावलं. साक्षीदार म्हणून, असंच म्हणायला हवं.

डॉक्टर तरुण होते, गोड बोलणारे. त्यांनी आजची तारीख विचारली, वार विचारला, काकूंनी दोन्ही सांगून वर तिथीही सांगितली. मग त्यांनी विचारलं, "काल रात्री काय जेवलात, आजी?"

"थालीपीठ. पण ते कालचं म्हणता यायचं नाही."

"म्हणजे?"

"त्यात परवाची आमटी होती. आमटीत त्याच्या आदल्या दिवशी दुधी शिजवल्याचं पाणी. त्या दुधीच्या सालीची चटणी आज सकाळी संपली. आणि थालीपिठाचा तुकडा उरला होता, तो कुस्करून ताकात घातला, म्हणजे तो आजचा झाला. तुम्ही नेमकं कुठल्या जेवणाचं विचारताय?"

डॉक्टरांनी दादाकडे बघितलं. दादाने माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात आठवडा मागे मोजत गेले आणि म्हटलं, "बरोबर आहे सगळं."

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता मी तीन शब्द सांगतो, ते लक्षात ठेवायचे. थोड्या वेळाने विचारीन. सफरचंद, टेबल, छत्री."

"टेबल नको," काकू म्हणाल्या. "घरात आहे."

"अहो आजी, विकत नाही घ्यायचंय. नुसतं लक्षात ठेवायचं."

"तेच म्हणते मी. आहे ते कशाला परत ठेवायचं?"

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं तेव्हा काकूंनी सफरचंद आणि छत्री सांगितली. तिसरा? "तो मी घेतलाच नव्हता." डॉक्टर पेन कपाळावर आपटत बसले. मग दादाला बाजूला घेऊन म्हणाले, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, बाकीचं मला सांगता येत नाही. त्यांनी कागद पुढे ओढून काही लिहायला घेतलं, तर काकू म्हणाल्या, औषध नसेल तर कागद नको.

आम्ही घरी आलो. दादा घरात शिरला तो सरळ स्टूल घेऊन माळ्याकडे गेला. मला वाटतं, त्याला तिथे काहीतरी सापडेल अशी आशा होती. साठवलेलं, कोंबलेलं, डॉक्टरला सांगता येईल असं काहीतरी. त्याने माळ्याचं दार उघडलं. आत काही नव्हतं. खाली कागदसुद्धा पसरलेला नव्हता. मग त्याने कपाट उघडलं, पलंगाखालचे खण ओढले. एकामागून एक सगळं रिकामं किंवा रिकाम्यासारखं.

"माझी बॅट?"

"वॉचमनच्या पुतण्याला दिली. चांगला खेळतो तो."

"माझ्या चित्रकलेच्या वह्या? तो लाकडी घोडा?"

"घोडा बालवाडीत आहे. वह्यांच्या मागच्या बाजूला मुलं लिहितात तिथली."

"बाबांचे शर्ट? बाबांचं घड्याळ? आई, बाबांचा चष्मा तरी?"

"शर्ट बाराव्याच्या आतच दिले. चष्मा नेत्रशिबिरवाल्यांना दिला, त्यांनी सांगितलं कुणाला तरी लागला. कुणीतरी बघतंय रे त्यातून." काकूंच्या आवाजात अभिमान होता. लपवण्यासारखं काहीच नव्हतं, उलट कौतुकाने सांगण्यासारखं होतं. "मी गेल्यावर तुला एक डबासुद्धा उपसावा लागणार नाही. मी जे केलं सासूबाईंचं, ते तुझ्या वाट्याला नको. तू येशील, बसशील, रडशील. दुसरं काही काम नाही तुला."

मी दाराशी उभी होते. मला त्या क्षणी काकूंचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच क्षणी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. दादा पांढराफटक पडला होता.

"मग चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "आत्ताच चल. मी तुला इथे असं ठेवणार नाही."

आता रण माजणार, असं मला वाटलं. हे घर सोडणार नाही म्हणून काकूंनी वर्षभर त्याला दाद दिली नव्हती. पण काकू म्हणाल्या, "बरं," आणि आत गेल्या. दादा फोनवर विमानाचं तिकीट आणि गाडी बघत होता तेवढ्यात त्या बाहेर आल्यासुद्धा. खांद्याला एक कापडी पिशवी. चपला घातल्या. मला म्हणाल्या, "माठांवर पाणी शिंपड, ओतू नकोस. कोबी आधी संपव."

"बाकीचं सामान?" दादाने विचारलं.

"हेच."

दादा त्यांच्या खोलीत गेला. मीही मागोमाग गेले. पलंग, त्यावर घडी घातलेली चादर, खिडकी, रिकामा कोनाडा. सकाळी काकू त्या खोलीत होत्या तेव्हा ती जशी दिसत होती तशीच आताही दिसत होती. त्या निघाल्या होत्या आणि तिथे काही कमी झालं नव्हतं.

दादा बाहेर आला आणि भिंतीला टेकून खाली बसला. केस पिकायला लागलेला माणूस, पाय पसरून, लहान मुलासारखा.

"आई, तू गेल्यावर मी काय आवरू?"

"काही नाही. म्हणून तर मी—"

"मला आवरायला काहीतरी ठेव ना गं!"

त्याला हुंदका फुटला. मलाही रडू आलं, मी काही लपवलं नाही. काकू पिशवी खांद्याला, एक हात दाराच्या कडीवर, तशाच उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही कळत नसल्याचा भाव होता. माझ्या चेहऱ्यावर तो रोज असायचा. त्यांच्या चेहऱ्यावर मी तो पहिल्यांदा बघितला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला उत्तर माहीत असेल असं त्यांना वाटलं की काय, कोण जाणे.

दादाचा फोन वाजायला लागला. गाडीवाला खाली आला होता. त्याने फोन कट केला. परत वाजला, तेव्हा "नको, कॅन्सल करा" एवढं म्हणून ठेवून दिला.

"काय ठेवू?" काकूंनी विचारलं.

दादाने घरभर नजर फिरवली. भिंती, खिडकी, ओटा. बोट दाखवावं असं त्या घरात काही नव्हतं. शेवटी त्याची नजर आईवर येऊन थांबली.

"ही साडी."

"ही? ही तर विरलीय रे. पदराकडे बघ. हिची फडकी करणार होते मी."

"नको करूस."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. पदर हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, जिथे विरला होता तिथे बोट फिरवून बघितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. आणि मग खरोखरच अडचणीत पडल्यासारख्या माझ्याकडे वळल्या. "पण मग लादी कशाने पुसायची गं?"